पाथरीच्या लेकीचे चित्र

पेडगाव म्हटले की मराठी माणसाला आधी आठवतो तो वाक्प्रचार. वेड पांघरून पेडगावला जाण्याची तऱ्हा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. पण ते पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातले, भीमेच्या काठचे, बहादूरगडाचे. त्याच नावाचे दुसरे एक पेडगाव परभणी तालुक्यात आहे. त्याच्या वाट्याला वाक्प्रचार आला नाही आणि गडही आला नाही. गोदावरीच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीतले, कापूस-ज्वारीच्या मुलखातले हे एक गाव. मात्र त्याच्या मावळतीला पाथरी आहे आणि नैऋत्येला सोनपेठ. दक्षिणेच्या इतिहासातल्या एका विलक्षण बाईची गोष्ट पाथरीत उगम पावते आणि तिच्या आयुष्यातले एक निर्णायक वळण घेण्यासाठी सोनपेठला येते. ती बाई म्हणजे अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी.

चांदबिबीचे नाव शाळेत जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत असते. तिचा चेहराही आपल्याला माहीत आहे, असे वाटते. घोड्यावर बसलेली, डोक्यावर तुरा, मनगटावर ससाणा, मागेपुढे सेवक आणि शिकारी कुत्रे, अशी तिची चित्रे पुस्तकांतून, दिनदर्शिकांतून आणि वस्तुसंग्रहालयांतून आपण पाहिलेली असतात. ही चित्रे देखणी आहेत यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की या चित्रांतली बाई कोण आहे?

भैरवाचा बहिरी

आधी पाथरीचा धागा हाती घेऊ. फेरिश्ता हा इतिहासकार चांदबिबीचा समकालीन. तो आधी निजामशाहीच्या सेवेत होता. १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि तिथे त्याने दक्षिणेच्या सुलतानांचा इतिहास लिहिला. तो सांगतो की निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या वंशातला. हे कुटुंब विजयनगरच्या मुलखात गेले होते. तिथला एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला, बिदरला आला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने वाढला. त्याच्या बापाचे नाव भैरव. दरबारातल्या शाहजाद्याच्या तोंडी भैरवचे 'बहिरी' झाले आणि तेच नाव चिकटले. पुढे हसनकडे शाही ससाण्यांची देखभाल आली. बहिरी ससाणा हा शब्द आपल्या मराठीतही आहे. कुलदैवताचे नाव आणि शिकारी पक्ष्याचे नाव असे एकमेकांत मिसळले आणि 'बहिरी' हे एका राजघराण्याचे बिरूद झाले.

या हसनचा मुलगा अहमद. त्याने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून फुटून स्वतंत्र राज्य उभे केले आणि आपल्या नावाने शहर वसवले. २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेले ते हेच शहर. अहमदचा मुलगा बुऱ्हाण. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. आपल्या पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे अशी बुऱ्हाणची इच्छा. त्याने अदलाबदलीत दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहाने नकार दिला, तेव्हा १५१८ मध्ये त्याने पाथरी लढून घेतली. वतनाच्या गावाची ओढ मराठी माणसाला नवी नाही. धर्म बदलला, भाषा बदलली, डोक्यावर छत्र आले, तरी पाथरीची आठवण या घराण्याच्या मनातून गेली नाही, असे म्हणावे लागते. बुऱ्हाणचा मुलगा हुसेन आणि हुसेनची मुलगी चांद. म्हणजे चांदबिबी ही मलिक हसन बहिरीची खापरपणती आणि या नात्याने पाथरीची लेक.

राजाची मुलगी आणि चित्रकार

चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा. त्याच सुमारास युरोपात राजांच्या मुलींची चित्रे काढण्याची चाल जोरात होती. तिचे कारण मात्र फारसे कलेचे नव्हते. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आपल्याकडे पोह्यांच्या बशीसमोर होत असे. तिकडे तो चित्राद्वारे होई. इंग्लंडचा आठवा हेन्री तिसऱ्या राणीच्या मृत्यूनंतर चौथीच्या शोधात होता. डेन्मार्कच्या पदच्युत राजाची मुलगी क्रिस्टीना ही त्याच्या विचारात होती. १५३८ मध्ये त्याने होल्बाइन या चित्रकाराला ब्रुसेल्सला धाडले. क्रिस्टीना तीन तास त्याच्यासमोर बसली. त्यातून झालेले पूर्णाकृती चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लग्न मात्र झाले नाही. पुढच्या शतकात स्पेनच्या राजाची लहानगी मार्गारिता हिची चित्रे वेलाझकेझने काढली आणि ती व्हिएन्नाला रवाना झाली, कारण तिचे लग्न तिकडे ठरत होते. मुलगी कशी वाढते आहे, हे सासरच्यांना वेळोवेळी कळावे हा हेतू. त्या चित्रांतली मुलगी रेशमी झग्याच्या घेरात जवळजवळ हरवून गेलेली दिसते. तरीही ती तिथे आहे. चित्रकाराने तिला समोर पाहिले होते, आणि आज आपण तिच्या डोळ्यांत पाहू शकतो.

आपल्याकडे पडद्याची चाल. राजघराण्यातली स्त्री परक्या चित्रकाराच्या नजरेस पडणे अवघड. त्यामुळे मोगल काय किंवा दख्खनी काय, दरबारी चित्रांत राजा ओळखू येतो, वजीर ओळखू येतो, हत्तीसुद्धा नावाने ओळखू येतो. बाई मात्र बहुधा 'एक सुंदर स्त्री' असते. तेच नाक, तोच मासोळीसारखा डोळा, तीच वेणी. नाव नंतर कोणी तरी खाली लिहितो.

चांदबिबीचेही लग्न राजकारणाचेच होते. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एकत्र यायचे होते आणि अहमदनगर-विजापूरचे जुने वैर आड येत होते. तोडगा निघाला तो सोयरिकीचा. हुसेनची मुलगी चांद विजापूरच्या अली आदिलशहाला द्यायची आणि अलीची बहीण हुसेनच्या मुलासाठी, मूर्तझासाठी, आणायची. आपल्या भाषेत साटेलोटे. ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे भांडली, तो किल्ला चांदबरोबर आंदण गेला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, रामराया मारला गेला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच हुसेन निजामशहाही वारला. एका मोठ्या युद्धाच्या करारनाम्यावरची मोहोर म्हणून ही मुलगी इतिहासात शिरली. त्या वेळचे तिचे चित्र नाही.

पुसलेली आई

तिच्या आईचे मात्र होते. ही कथा पुण्यात पाहायला मिळते. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचे एक फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी आणि तालिकोटच्या विजयाच्या गौरवासाठी ते रचले. १५६५ च्या सुमाराचे हे काम. गो. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी त्याची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती सिद्ध केली आणि ती १९८७ मध्ये मंडळाने प्रसिद्ध केली. दख्खनी चित्रकलेचा इतिहास सुरू करताना जगभरचे अभ्यासक ज्या मोजक्या पोथ्यांपासून सुरुवात करतात, त्यांत या पोथीचा मान फार वरचा आहे.

या पोथीतल्या चित्रांचे वैशिष्ट्य असे, की त्यांत सुलतानाबरोबर त्याची राणी खुंझा हुमायून होती. सिंहासनावर राजाशेजारी, दरबारात, महालात. राणीला राजाच्या बरोबरीने असे वारंवार रंगवणे ही त्या काळच्या दरबारी पोथ्यांत अगदी दुर्मीळ गोष्ट. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते, हा आपल्या संस्कृत काव्यातला जुना दोहदाचा संकेत आहे. फारसी काव्याच्या पोथीत तो सहज येऊन बसला आहे. पाथरीच्या कुळाचे मूळ धरून पाहणाऱ्याला त्यात नवल वाटायला नको.

'होती' हा शब्द इथे महत्त्वाचा. कारण अनेक चित्रांत आज राणीच्या जागी रंगाचा एक डाग आहे. कोणी तरी तिला पुसून, रंग फासून नाहीशी केले आहे. राजा तसाच बसला आहे, सेवक तसेच उभे आहेत, आणि राजाचा हात एका रिकाम्या जागेभोवती आहे.

हे का घडले असावे? हुसेननंतर मुलगा मूर्तझा लहान, म्हणून खुंझा हुमायूनने कारभार हाती घेतला. १५६५ ते १५६९ अशी चार वर्षे तिने राज्य चालवले. मग मुलगा मोठा झाला, सरदार बिथरले, आणि मूर्तझाने आईला कैद केले. त्यानंतरच कधी तरी तिची चित्रे पुसली गेली, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आई जिवंत असताना मुलाच्या राज्यात तिचा चेहरा पुसला गेला.

अशी गोष्ट एकट्या अहमदनगरात घडली असे नाही. ज्या आठव्या हेन्रीने लग्नासाठी चित्रे मागवली, त्यानेच १५३६ मध्ये आपली दुसरी राणी ॲन बोलीन हिचा शिरच्छेद करवला. तिच्या हयातीतली, जिच्याविषयी वाद नाही अशी प्रतिमा म्हणून आज १५३४ चे एक झिजलेले पदक तेवढे दाखवले जाते. तिची मुलगी एलिझाबेथ मात्र लहानपणापासून चित्रांत आहे. तेरा वर्षांची, हातात पुस्तक धरलेली एलिझाबेथ आपण पाहू शकतो. पुढे तीच राणी झाली आणि आपले चित्र कोणी कसे काढावे यावर तिने करडी नजर ठेवली. एलिझाबेथ १६०३ मध्ये वारली. चांदबिबी १६०० मध्ये. दोघी एकाच काळातल्या, दोघी राजांच्या मुली, दोघींच्या आयांचे चेहरे पुसले गेलेले. फरक हा, की एकीच्या हाती आपल्या प्रतिमेची किल्ली आली. दुसरीच्या हाती फक्त किल्ला आला.

किल्ला आणि करार

त्या किल्ल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगायला हवी. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि चांदबिबी त्याची पालक झाली. कारभाऱ्यांशी तिचा झगडा झाला. त्यांतल्या एकाने, किश्वरखानाने, तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले; तिथून ती सुटून आली. १५८४ मध्ये इब्राहिमच्या बहिणीच्या लग्नाच्या निमित्ताने ती माहेरी आली. माहेरात तेव्हा कलह माजलेला. १५९५ मध्ये एकामागून एक दोन सुलतान गेले आणि गादीवर कोणी बसायचे यावरून सरदारांचे गट पडले. त्यांतल्या एका गटाने, मियां मंजूने, चक्क अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले. मोगल आले तेव्हा बोलावणाऱ्याला पश्चात्ताप झाला आणि किल्ला सांभाळायची वेळ चांदबिबीवर आली.

डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. काही सुरुंगांचा आतल्या लोकांना पत्ता लागला आणि त्यांनी ते निकामी केले, पण एक उडाला. तटाला मोठे खिंडार पडले. त्या क्षणी चिलखत घातलेली, तोंडावर बुरखा आणि हातात नागवी तलवार अशी चांदबिबी खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर हल्ला थोपवला गेला आणि रातोरात तट पुन्हा उभा राहिला. दारूगोळा संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांत भरून उडवली, असे लोक सांगतात. ते खरे असो वा नसो, त्या दिवशी तिने काय केले हे फेरिश्त्यासारख्या समकालीनाने लिहून ठेवले आहे. १५९६ च्या आरंभी तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, अहमदनगर वाचले.

इथेच आपला परभणीचा मुलूख पुन्हा येतो. वऱ्हाड दिले, पण वऱ्हाड कुठवर? पाथरी त्यात मोडते की नाही? मोगलांनी पाथरी बळकावली. दख्खनी म्हणाले, ही तहात नव्हती. ज्या गावासाठी आजोबा लढला, त्या गावावरून नातीच्या काळात पुन्हा युद्ध पेटले. विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांची एकत्र फौज सुहेलखानाच्या हाताखाली गोदावरीच्या बाजूला आली. फेब्रुवारी १५९७ मध्ये सोनपेठच्या परिसरात मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखानान. हिंदीतल्या दोह्यांमुळे आपण ज्याला 'रहीम' म्हणून ओळखतो तोच. मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान तिथे पडला. पहिल्या दिवशी जय कोणाचा हे दोन्ही बाजूंना कळले नव्हते. अखेर खानखानान जिंकला. दक्षिणेची एकजूट तिथे मोडली आणि चांदबिबी एकटी पडली.

१६०० मध्ये मोगल पुन्हा अहमदनगरच्या तटाखाली आले. या वेळी लढून उपयोग नाही, हे तिने ओळखले. लहान सुलतान बहादूर आणि किल्ल्यातली माणसे वाचावीत, म्हणून तिने बोलणी करण्याचा विचार केला. हमीदखानाने तेवढेच धरले. 'चांदबिबी शत्रूला मिळाली' अशी हाकाटी त्याने किल्ल्यात उठवली. ज्यांच्यासाठी ती खिंडारात उभी राहिली होती, तेच शिपाई तिच्या महालात घुसले आणि त्यांनी तिला ठार केले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. लढायचे तेव्हा लढणे आणि थांबायचे तेव्हा थांबणे या दोन्हीला धैर्य लागते. पहिल्यासाठी तिचा जयजयकार झाला, दुसऱ्यासाठी जीव गेला.

शंभर वर्षांनंतरचा चेहरा

आता त्या चित्रांकडे वळू. चांदबिबीची म्हणून जी चित्रे प्रसिद्ध आहेत, ती बहुतेक सगळी तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा काढलेली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयातले चित्र त्यांतले एक नामांकित; तेही सुमारे १७०० चे. तोवर निजामशाही बुडाली होती, आदिलशाही आणि कुतुबशाहीही गेली होती. ज्यांनी ही चित्रे काढली त्यांनी तिला पाहिले नव्हते, आणि त्यांच्या आजोबांनीही बहुधा पाहिले नव्हते.

मग ती का काढली गेली? राज्ये गेली की त्यांच्या आठवणी चित्रांत जातात. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेनंतर हैदराबादेच्या आणि आसपासच्या चित्रकारांकडे जुन्या सुलतानांच्या चित्रसंचांना मागणी होती. डच आणि इतर युरोपीय व्यापारी असे संच विकत घेऊन जात. अशाच एका संचातून शिवाजी महाराजांचेही चित्र हॉलंडला पोहोचले. त्या गेलेल्या दख्खनच्या मांदियाळीत एक बाई हवी होती, आणि ती चांदबिबीच असणार हे उघड होते. चित्रकारांनी तिला तोफेजवळ किंवा खिंडारात दाखवले नाही. शिकारीला निघालेली दाखवले. घोड्यावरची स्वार आणि मनगटावर पक्षी, ही राजेपणाची खूण. बुरखा तर नाहीच.

आणि तो पक्षी कोणता? ससाणा. चित्रकाराच्या मनात काय होते, हे कोण सांगणार? परंतु पाथरीच्या भैरवापासून ज्या कुळाचे नाव 'बहिरी' पडले, त्या कुळाच्या शेवटच्या मोठ्या वारसाच्या हातावर ससाणा असणे, याहून अचूक खूण दुसरी कोणती असती? चेहरा काल्पनिक असेल; हातावरचा पक्षी मात्र खरा आहे, असे म्हणावेसे वाटते.

पुढे या प्रतिमेवर थर चढत गेले. हैदराबाद संस्थानात आयुष्य घालवलेल्या मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने तिच्यावर लिहिलेली कादंबरी १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९४२ नंतर अहमदनगरच्याच किल्ल्यात कैदेत असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी तिची आठवण काढली. नगरजवळच्या डोंगरावर 'चांदबिबीचा महाल' म्हणून जी वास्तू सहलींना दाखवतात, ती तर तिची नव्हेच. ती मूर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. पाहा कसा न्याय आहे: बाईचे चित्र कल्पनेतले, महाल दुसऱ्याचा, आणि आईचे खरे चित्र होते ते पुसलेले.

आपल्या घरातल्या रिकाम्या जागा

हा चारशे वर्षांपूर्वीचा दरबारी मामला आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण घरातली वंशावळ काढून पाहावी. जुन्या कुलवृत्तांतांत पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली असतात. मुली कुठे असतात? कधी 'कन्या दोन' एवढाच उल्लेख, कधी तोही नाही. सून आली ती नाव बदलून. तिचे माहेरचे नाव कागदावर उरले नाही. आजीचे पाळण्यातले नाव काय होते, असे विचारले तर किती घरांत उत्तर मिळेल? खुंझा हुमायूनच्या चित्रावर कोणी मुद्दाम रंग फासला. आपण रंग न फासता तेच काम करतो. पुसायला राग लागतो. विसरायला काहीच लागत नाही.

दुसरी चूक याच्या उलट. ज्या बाईला विसरणे शक्य नाही, तिला आपण घोड्यावर बसवतो आणि मोकळे होतो. वीरांगना म्हटले की काम झाले. यशवंतराव होळकरांची मुलगी भीमाबाई १८१७ मध्ये महिदपूरला लढली, म्हणून तिचे नाव घेतले जाते. पण चांदबिबीने विजापुरात कारभार केला, दोन घराण्यांतले वैर मिटवायचा प्रयत्न केला, हरणारी लढाई ओळखली, बोलणी करायचे ठरवले. परंपरा सांगते की तिला फारसी-अरबीबरोबर मराठी आणि कानडीही येत होती आणि फुलांची चित्रे काढण्याचा छंद होता. या कारभारी, बहुभाषी, व्यवहारी बाईला चित्रात जागा नाही. तलवार काढून घेतली तर आपल्याला ती ओळखूही येणार नाही.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चाचे नाहीत. पहिला पाठ्यपुस्तकांचा. ऐतिहासिक व्यक्तीचे चित्र छापताना ते केव्हाचे, हे चित्राखाली एका ओळीत लिहावे. 'चांदबिबी, चित्र सुमारे १७०० चे' एवढे वाचूनच हुशार मुलगी विचारील, की मग ती १६०० मध्ये कशी वारली? त्या प्रश्नातून इतिहास सुरू होतो. शिवाजी महाराजांचे म्हणून जे चुकीचे चित्र पूर्वी चालत होते, ते दूर सारून अस्सल चित्र पुढे आणण्यासाठी वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकांनी किती कष्ट घेतले! तीच शिस्त राजांच्या मुलींच्या बाबतीत का नसावी?

दुसरा उपाय पुण्याच्या पोथीचा. 'तारीफ-इ-हुसेनशाही'ची चित्रे चांगल्या छपाईत, मराठी टिपणांसह, शाळांपर्यंत पोहोचायला हवीत. राणीची पुसलेली जागा मुलांना दाखवावी. भरलेल्या चित्रांइतकीच ती रिकामी जागा शिकवणारी आहे.

तिसरा उपाय परभणी जिल्ह्याचा. पाथरीला आज लोक साईबाबांचे जन्मस्थान म्हणून श्रद्धेने जातात. त्या वाटेवरच्या प्रवाशाला हेही कळावे, की दक्षिणेतल्या एका मोठ्या राजघराण्याचे मूळ याच गावात सांगितले जाते. सोनपेठच्या परिसरात १५९७ ची लढाई झाली, हे तिथल्या शाळकरी मुलांना पानिपतइतके नाही तरी निदान ठाऊक असावे. पेडगावच्या शाळेतून सहल काढायची तर अजिंठा-वेरूळ दूर आहे. पाथरी आणि सोनपेठ हाकेच्या अंतरावर आहेत. आपल्या मुलखात काही घडलेच नाही, अशी समजूत घेऊन मराठवाड्यातली मुले मोठी होतात. ती समजूत खोडून काढणे हे शिक्षकांच्या हाती आहे.

चौथा उपाय घरातला. कायद्याने बरीच मजल मारली आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव येऊ लागले. खुंझा हुमायूनला हे ऐकून बरे वाटले असते. पण सातबाऱ्यावरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव सरकार लिहील. आजीचे, पणजीचे, आत्याचे नाव वंशावळीत लिहायचे काम सरकारचे नाही. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवायची तर ती सांगणारे माणूस घरात आहे तोवरच लिहायला हवीत. फोटोत डाव्या बाजूला उभी असलेली ती मुलगी कोण, हे सांगणारे शेवटचे माणूस गेले, की त्या मुलीवरही रंगाचा डाग पडला असे समजावे.

राजकन्येचे चित्र काढायला युरोपात होल्बाइन गेला. दख्खनमध्ये शंभर वर्षांनी का होईना, कोणी तरी चांदबिबीला घोड्यावर बसवले आणि तिच्या हाती बहिरी ससाणा दिला. आपल्या घरातल्या मुलींसाठी कोणी चित्रकार येणार नाही. त्यांची नावे लिहून ठेवायला एक वही, एक दुपार आणि आजीजवळ बसायची सवड एवढे पुरेसे आहे. आजचा रविवार त्याला वाईट नाही.